जॅक मेलासोचा दगड

“आधी शब्द ठरवा, मग कोंबड्या मारा,” हेस्टर आत्या म्हणाली. “भरल्या पोटी या घराण्यात कधी कुठली गोष्ट ठरलेली मला तरी आठवत नाही.”

शुक्रवारची सकाळ होती. चर्चच्या मागे आंब्याखाली अल्बीने कोंबड्या भाजायला खड्डा खणून त्यात दगड तापत घातले होते आणि शेजारी केळीच्या पानांचा ढीग रचला होता. पलीकडच्या मळ्यात रात्री ऊस पेटवला होता, त्यामुळे पाचटाची काजळी अजून वाऱ्यावर तरंगत होती. क्लेमेंटच्या पांढऱ्या शर्टावर दोन काळे तुकडे येऊन बसले. त्याने ते फुंकरीने उडवले. हाताने पुसले तर डाग पडतो, हे मॅकेच्या आसपास जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

रविवारी दगडावरचा कपडा निघायचा होता. टाउन्सव्हिलहून, बंडाबर्गहून, थेट ब्रिस्बेनहून मेलासो घराण्यातली माणसं येणार होती. क्लेमेंटच्या आजोबांना, म्हणजे जॅक मेलासोंना, मालाइता बेटावरून या किनाऱ्यावर ऊसमळ्यांत राबायला आणलं त्याला यंदा शंभर वर्षं होत होती. पुरुषभर उंचीचा करडा दगड चर्चसमोर उभा होता. वर नाव कोरून झालं होतं, त्याखाली ‘हे चर्च याने बांधले’ एवढंच. त्याखालची जागा कोरी होती. दगडकाम करणारा कार्लो दुपारी छिन्नी घेऊन येणार होता आणि काय कोरायचं यावर बाप-लेकीचं आठवडाभर जमत नव्हतं.

“शब्द ठरलेले आहेत,” क्लेमेंट म्हणाला. “‘देवाने त्याला समुद्रापार आणले.’ सरळ, स्वच्छ. आत्या, तुम्हीच मान डोलावली होती.”

“मी डुलकी घेत होते.”

अल्बी खड्ड्यापाशी खो खो हसला. तो क्लेमेंटचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं ऊसतोडणी केलेली, पाठ वाकलेली, पण जीभ सरळ.

रोवीना पायरीवर बसून रताळी सोलत होती. क्लेमेंटची ही थोरली लेक ब्रिस्बेनच्या शाळेत शिकवायची. धाकट्या बहिणीच्या, फ्लॉरीच्या लग्नात बापाशी भांडून गेली होती ती या दगडासाठीच परत आली. तिने मान वर केली नाही. “बाबा, देवाने नाही आणलं. जहाजाने आणलं. कप्तान ऑर्मिस्टनने पणजोबांच्या होडीत लोखंडाचे तुकडे टाकले, होडी बुडवली आणि पाण्यातली माणसं वर ओढून घेतली. ‘चोरून आणले’ असं लिहा. दोनच शब्द आहेत, कार्लोचा हातही दुखणार नाही.”

“देवाच्या दारात चोरीची गोष्ट लिहू?”

“देवाला माहीत नाही की काय?”

“ताई, बापाशी जरा हळू,” अल्बी म्हणाला. एरवी तो पुतणीचा पक्ष घ्यायचा. आज मात्र त्याने थोरल्या भावाची बाजू घेतली होती, कारण आज पाहुणा येणार होता. कप्तान ऑर्मिस्टनचा नातू. पेपरात दगडाची बातमी वाचून त्याने स्वतः फोन केला होता, आणि क्लेमेंटने त्याला जेवायला बोलावलं होतं. “शंभर वर्षांनी त्यांचा माणूस आपल्या दारात टोपी काढून येतोय. आपले आजोबा, म्हातारबाबा, असते तर खूश झाले असते. त्याच्या तोंडावर ‘चोर’ कोरून ठेवायचं?”

“त्याच्या तोंडावर नाही कोरत आहोत. दगडावर कोरतोय.”

क्लेमेंट चर्चच्या भिंतीला टेकून उभा राहिला. फळ्या उन्हाने तापायला लागल्या होत्या. या फळ्या आजोबांनी स्वतः कापल्या होत्या. गावातल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये बेटावरच्या माणसांना दाराबाहेरच्या बाकावर बसवायचे, पावसात सुद्धा. तीन रविवार आजोबा तिथे बसले. चौथ्या रविवारी करवत घेऊन रानात गेले. पुढे सरकारने बेटावरून आणलेल्यांना परत धाडायचा हुकूम काढला, तेव्हा ते बायकोपोरं घेऊन खारफुटीत लपले, आणि हुकूम थंडावल्यावर बाहेर येऊन छप्पर पुरं केलं. नंतरच्या मोठ्या वादळात गावातल्या चर्चचं छप्पर उडून नदीत गेलं. याचा एक खिळा हलला नाही. ही गोष्ट क्लेमेंटने किती वेळा सांगितली असेल! आणि प्रत्येक वेळी त्याची छाती फुगली होती. चाळीस वर्षं पाळक म्हणून तो याच व्यासपीठावरून सांगत आला होता: माणसांनी वाईट केलं, पण देवाने त्याचं चांगलं केलं. बायबलमधला, भावांनी विकलेला तो मुलगा परक्या देशात जाऊन धान्याचा कारभारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने जगवलं. आजोबा त्या मुलाचं नाव घेत नसत, ‘विकलेला भाऊ’ म्हणत, जणू तो शेजारच्या मळ्यावर कामाला होता.

“रोवीना,” तो म्हणाला, आणि आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला, “देवाने आणलं नाही म्हणतेस. मग मी कोण? तू कोण? हे चर्च, ही शंभर वर्षं, ही सगळी माणसं कोण? चोरीचा माल?”

तिचा हात थांबला. “तुम्ही चोरीचा माल नाही, बाबा. कुणाची हिंमत आहे तसं म्हणायची! पण चोरी ती चोरीच. आणि मला एक सांगा. पणजोबांना देवाने चर्च बांधायला आणलं, ठीक. मग सोफीचं काय?”

सोफी हा आजोबांचा धाकटा भाऊ. त्याच होडीत होता. सात-आठ वर्षांचं पोर. जहाजावरच्या माणसांना कामाला येणारे हात हवे होते. सोफीचे हात फार लहान होते. त्याला कुणी वर ओढलं नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. क्लेमेंटच्या उपदेशात मात्र होडीत आजोबा एकटेच असायचे.

“त्याच्यासाठी देवाची काय योजना होती?” रोवीना म्हणाली.

“देवाच्या सगळ्याच गोष्टी आपल्याला कळत नाहीत.”

“नाही ना कळत? मग दगडावर कशाला लिहायच्या?”

क्लेमेंटने आत्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. ही डुलकी नाही, हे त्याला चांगलं कळलं. पण तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली.

*

रॉबर्ट ऑर्मिस्टन सत्तरीचा, उंच, लाल कानांचा माणूस होता. उभा जन्म गुरांचा डॉक्टर म्हणून काढलेला. त्याने फाटकातच टोपी काढली आणि ती जेवण होईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. बरोबर बायकोने केलेला केक आणला होता. तो कुणाच्या हातात द्यावा हे त्याला कळेना. शेवटी तो त्याने अल्बीला दिला. अल्बी म्हणाला, “चुकीच्या माणसाला दिलात, आता हा कुणाला दिसायचा नाही,” आणि सगळे हसले.

माणूस वाईट नव्हता. क्लेमेंटला पहिल्या पाच मिनिटांतच ते कळलं. खड्ड्यातून काढलेली कोंबडी आणि नारळाच्या रसात शिजवलेले तारोचे कंद त्याने मनापासून खाल्ले. चर्चच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि “हे एका माणसाने केलं?” असं दोनदा विचारलं. क्लेमेंटने छप्पर आणि वादळाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो लहान पोरासारखा ऐकत राहिला. रोवीनाने त्याला वाढलं, पण ती बोलली नाही. आत्याने फक्त एकदा विचारलं, “तुमच्या आजोबांना तुम्ही पाहिलं होतं?”

“हो. मी दहा वर्षांचा होतो ते गेले तेव्हा.”

“कसे होते?”

तो गोंधळला. “प्रेमळ होते, बाई. मला तरी. लाकडी घोडा करून दिला होता.”

“असतील,” आत्या म्हणाली. “आपल्या नातवावर सगळेच करतात.”

जेवण झाल्यावर चहा आला. ऑर्मिस्टन उभा राहिला. बसून बोलता आलं असतं, पण तो उभा राहिला आणि टोपीची कड दोन्ही हातांनी धरली.

“मी भाषण करणारा माणूस नाही,” तो म्हणाला. “आमच्या घरात या गोष्टी कुणी बोलत नसे. मला चाळिशी उलटल्यावर कळलं की आजोबा ती जहाजं कशासाठी नेत होते. तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही. पण पास्टर, मागच्या महिन्यात तुमचं प्रवचन रेडिओवर लागलं होतं ना, ते मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, देवानेच जॅक मेलासोंना इथे आणलं, हे चर्च उभं राहावं म्हणून. तेव्हा मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. म्हणजे असं पाहा, माझे आजोबा… त्यांच्या नकळत का होईना, देवाच्या हातातलं साधनच होते. त्यांनी केलं ते वाईटच. पण होणार होतं ते. देवालाच ते हवं होतं.” त्याचे डोळे भरले होते. “तुमचे फार उपकार झाले माझ्यावर.”

अल्बीने हातातला कप खाली ठेवला. सावकाश ठेवला, पण बशी वाजली.

क्लेमेंटला आधी वाटलं, ऊन लागलं. कान गरम झाले. वाक्यं त्याचीच होती. एकही शब्द त्या माणसाने पदरचा घातला नव्हता. तीच वाक्यं चर्चमध्ये, मेलासोंच्या बायकापोरांसमोर म्हटली की भाकरीसारखी पोट भरायची. या टोपीवाल्या भल्या माणसाच्या तोंडून आली तर तीच एका कप्तानाचे हात धुऊन देत होती. आणि ते पाणी क्लेमेंटनेच ओतलं होतं.

“उठा,” अल्बी म्हणाला. त्याची वाकलेली पाठ शक्य तेवढी ताठ झाली होती. “केक घेऊन जा तुमचा.”

“अल्बी,” क्लेमेंट म्हणाला.

“काय अल्बी? साधन म्हणे! म्हातारबाबा झोपेत ओरडायचे, आठवतं ना तुला? सत्तरी उलटली तरी ओरडायचे. भावाला हाका मारायचे. ते काय साधनाला हाका मारत होते?”

“बस खाली,” क्लेमेंट म्हणाला आणि स्वतः उठला. चाळीस वर्षं त्याला बोलायला शब्द कमी पडले नव्हते. आता एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागत होता.

“मिस्टर ऑर्मिस्टन, भावांनी विकलेल्या त्या मुलाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. शेवटी तो भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. आता मला सांगा, हे कोण म्हणतो?”

“तो मुलगा.”

“तो म्हणतो. ज्याला विकलं तो. भाऊ नाही म्हणत. भाऊ जमिनीवर पालथे पडलेले असतात. त्यांच्यातला एकही उठून म्हणत नाही की बघ, आम्ही तुला विकलं म्हणूनच तू एवढा मोठा झालास.” त्याचा श्वास लागला. “ते वाक्य आमचं आहे. आम्हाला ते महागात पडलं आहे. ते तुम्हाला उचलून नेता येणार नाही. आणि चूक तुमची एकट्याची नाही, मीच ते उघड्यावर ठेवलं होतं.”

ऑर्मिस्टनचा चेहरा पांढरा पडला होता. “मला तसं म्हणायचं नव्हतं,” तो पुटपुटला.

“कळतं मला.”

तो टोपी घालून फाटकाकडे चालू लागला. कुणी अडवलं नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, पण आत बसला नाही. दाराला धरून तसाच उभा राहिला.

*

“क्लेमेंट, इकडे बस,” हेस्टर आत्या म्हणाली. “इतकी वर्षं तुला एक सांगायचं होतं. पण तुझा उपदेश असा गोड चालतो की मध्ये बोलायला फटच सापडत नाही.”

तो तिच्या पायाशी, पायरीवर बसला, साठी उलटलेला पाळक, पोरासारखा.

“मी बारा-तेरा वर्षांची असेन. आम्ही ऊस लावत होतो. मी बाबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, विचारलं, देवाने तुम्हाला इथे का आणलं? शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं तसं, की देवाने आणलं. बाबांनी कांडी खाली ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, ‘देवाने मला नाही आणलं, हेस्टर. त्यांनी आणलं. मला खालच्या अंधारात कोंडलं तेव्हा मला वाटलं, आमचे सगळे देव किनाऱ्यावरच राहिले. मग इथे आल्यावर या देवाची गोष्ट ऐकली, त्यालाही धरून नेलं होतं आणि मारलं होतं, आणि मी ओळखला त्याला. हा माझ्या जहाजामागून पोहत आलाय. सबंध समुद्र पोहत आलाय.’”

रोवीनाने हातातलं भांडं बाजूला सरकवलं.

“मी विचारलं, मग सोफीकाका?” आत्या म्हणाली. “बाबा म्हणाले, ‘आधी त्याच्याकडेच गेला असणार. तो जवळ होता.’”

क्लेमेंटने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तो रडतोय असं रोवीनाला वाटलं, म्हणून ती जवळ येऊन बसली. पण हात काढले तेव्हा चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. आजोबांच्या करवतीला धार लावताना अल्बीचा चेहरा व्हायचा, तसा.

“बाबा, मी म्हणते तसं नका लिहू,” ती हळूच म्हणाली. “नुसतं ‘चोरून आणले’ म्हटलं तर गोष्ट त्या जहाजापाशीच संपते.”

“आणि माझं लिहिलं तर ती तिथे सुरूच होत नाही.”

“मग?”

“मग कार्लोला जरा जास्त घाम गाळावा लागेल.”

कार्लो आला तेव्हा क्लेमेंटने त्याला शब्द सांगितले. कार्लोने डोकं खाजवलं. “पास्टर, एक ओळ म्हणाला होतात. ही तीन झाली.”

“जागा आहे ना?”

“जागा आहे. अक्षर लहान करावं लागेल.”

“लहान नको,” आत्या म्हणाली. “मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.”

अल्बीने फाटकाकडे पाहिलं. गाडी अजून तिथेच होती, म्हातारा अजून दार धरून उभा. “त्याला कुणी सांगा तरी, जा म्हणून,” तो कुरकुरला. पण आवाजात मघाची धार नव्हती.

“मी जाते,” रोवीना म्हणाली. सकाळपासून जी त्या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती, ती उठली, हात फडक्याला पुसले आणि फाटकाकडे गेली. दोघं काय बोलली ते आंब्याखाली ऐकू आलं नाही. ती एकटीच परत आली.

“काय म्हणालीस?” क्लेमेंटने विचारलं.

“म्हटलं, रविवारी या. प्रवचन ऐकायला नाही. काम आहे तुमच्याकडे.”

“काय काम?”

“ते हेस्टर आजी सांगतील.”

आत्याने मान डोलावली. या वेळी डोळे उघडे होते.

*

रविवारी चर्च पुरलं नाही. माणसं खिडक्यांबाहेर, झाडांखाली, ट्रकच्या हौद्यांत बसली होती. बायकांच्या टोप्या, नवे कोरे शर्ट, केसांत फुलं. तरण्या पोरांनी गाणं धरलं तेव्हा फळ्या गुणगुणू लागल्या. आजोबांनी त्या ठोकताना मुद्दाम तशा बसवल्या असाव्यात, असं क्लेमेंटला दर वेळी वाटायचं. पलीकडच्या रस्त्यावरून गोरं कुटुंब घेऊन जाणारी एक गाडी थांबली, ऐकत राहिली आणि निघाली नाही.

दगडासमोर क्लेमेंटने लिहून आणलेलं प्रवचन खिशातच ठेवलं. अल्बीने कपडा ओढला. कार्लोने अक्षर लहान केलं नव्हतं.

“मिस्टर ऑर्मिस्टन,” हेस्टर आत्याने खुर्चीवरून हाक मारली, “पुढे या. वाचा.”

गर्दीत कुजबुज झाली. ऑर्मिस्टन मागच्या झाडापासून पुढे आला. माणसं बाजूला झाली, पण फारशी नाही. त्याला अंग चोरून यावं लागलं. तो दगडापाशी उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती.

“‘जॅक मेलासो. हे चर्च याने बांधले. याला ऑर्मिस्टनच्या जहाजाने मालाइताहून चोरून आणले.’” स्वतःचं नाव त्याने गिळलं नाही. “‘याचा धाकटा भाऊ…’”

तो थांबला.

“सोफी,” आत्या म्हणाली. “मोठ्याने. मागे ट्रकवर माणसं आहेत.”

“‘याचा धाकटा भाऊ सोफी त्या दिवशी बुडाला,’” ऑर्मिस्टन मोठ्याने म्हणाला, आणि मागे कुठेतरी एका म्हातारीने हुंदका दिला, कारण ते नाव या अंगणात असं उघड्या आवाजात पूर्वी कधी उच्चारलं गेलंच नव्हतं. त्याने श्वास घेतला. “‘देव दोघांच्याही मागे गेला.’”

क्लेमेंटने समोर पाहिलं. आजोबांचं कपाळ, आजोबांचे रुंद हात, आजोबांची ती किंचित तिरकी मान, एका एका चेहऱ्यावर वाटून दिलेली. चोरीचा माल म्हणे! त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याने छाती अशी भरून आली की बोलायची गरज उरली नाही. त्याने फक्त दोन्ही हात वर उचलले. बसलेले मेलासो उठू लागले. बाकांवरचे, गवतावरचे, हौद्यांतले, कडेवरच्या पोरांसकट.

ऑर्मिस्टन दगडापाशी तसाच उभा होता. जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.

हेस्टर आत्याने खुर्चीचे हात धरले. रोवीना मदतीला धावली, पण आत्याने तिला खुणेने लांब ठेवलं आणि आपल्या आपण, सावकाश, पुरती ताठ उभी राहिली. मग तिने ती रिकामी खुर्ची त्या म्हाताऱ्याकडे सरकवली.

“तुम्ही आता बसा, ऑर्मिस्टन,” ती म्हणाली. “आता आम्ही उभे राहतो.”